हँडबॉल
हँडबॉल हा हाताने चेंडू फेकून गोल करण्याचा सांघिक खेळ आहे. डेन्मार्कमधील शिक्षक होल्गर नील्सन यांनी १९०६ साली त्याचे नियम प्रसिद्ध केले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ११ खेळाडूंचा मैदानी प्रकार खेळला गेला. परंतु उत्तर युरोपातील कडक हिवाळ्यामुळे ७ खेळाडूंचा बंदिस्त सभागृहातील प्रकार रुजला. १९७२ पासून पुरुषांसाठी व १९७६ पासून महिलांसाठी ऑलिंपिकमध्ये तोच खेळला जातो.

क्रीडांगण ४० मीटर लांब व २० मीटर रुंद असते. सामना प्रत्येकी ३० मिनिटांच्या दोन सत्रांत होतो. चेंडू हाती धरून ३ पेक्षा अधिक पावले टाकता येत नाहीत. गोलसमोरील ६ मीटरचे क्षेत्र केवळ गोलरक्षकाचे असते. त्यामुळे आक्रमक रेषेबाहेरून आत झेप घेतो आणि पाय जमिनीस टेकण्यापूर्वी चेंडू फेकतो.