पहिल्याच दिवशी दोन किलोमीटर पळू नका! नवख्यांनी धावायला सुरुवात कशी करायची, आणि सिकलसेलची तपासणी आधी का करायची?

मोहाडी : थंडी पडू लागली की तालुक्यात सकाळी दोन प्रकारची माणसं रस्त्यावर दिसतात. एक म्हणजे पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारे पोट्टे-पोट्टी. दुसरे म्हणजे डॉक्टरांनी 'शुगर वाढली, चालत जा' असं सांगितलेले काका-काकू. आता या दोघांच्या मधली माणसंही निघू लागली आहेत. तीस-पस्तिशीतले शेतकरी, दुकानदार, शिक्षक, बचत गटातल्या ताया. यांना ना भरतीला जायचं आहे, ना आजार झाला आहे. फक्त दोन जिने चढले की दम लागतो, तो लागू नये एवढीच इच्छा आहे.

अडचण इथंच आहे. सोमवारी सुरुवात होते, गुरुवारी पाय धरतात आणि पुढच्या सोमवारी चपला घालून माणूस परत पानठेल्यावर. 'आपल्याच्यानं होत नाही न बाप्पा' असं म्हणून विषय संपतो. खरं तर होत नाही असं नसतं. सुरुवातच चुकलेली असते.

शेतात राबतो, मग धावायचं कशाला?

हा प्रश्न प्रत्येक गावात विचारला जातो आणि तो चुकीचा नाही. रोवणीत दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईला कोणी व्यायाम शिकवायची गरज नाही. पण वर्षभराचा हिशेब करून पाहा. नांगरणी ट्रॅक्टरनं, कापणी हार्वेस्टरनं आणि गावातल्या गावात जायलाही मोटारसायकल. अंगमेहनतीचे दिवस हंगामापुरते उरले, जेवण मात्र बारा महिने तेवढंच राहिलं.

त्याचा परिणाम आकड्यांत दिसतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, म्हणजे प्रौढांपैकी ११.४ टक्के. रक्तदाब वाढलेल्यांचं प्रमाण तर ३५.५ टक्के, शंभरात पस्तीस माणसं. हे आता शहरातल्या शेठ लोकांचे आजार राहिले नाहीत.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम किंवा ७५ मिनिटं जोराचा व्यायाम सांगते. धावणं जोराच्या व्यायामात येतं. म्हणजे आठवड्यातून तीन दिवस २५ मिनिटं धावलं तरी हिशेब पूर्ण.

दम का लागतो आणि पाय का धरतात?

नवखा माणूस बहुतेक वेळा फार जोरात पळतो. शाळेतली शंभर मीटरची शर्यत डोक्यात असते, म्हणून पहिल्या मिनिटातच जीव काढतो. स्नायूंना लागेल तेवढा प्राणवायू हृदय आणि फुप्फुसं पोहोचवू शकत नाहीत, छाती भात्यासारखी चालते आणि थांबावं लागतं.

यावर उपाय सोपा आहे. धावताना सोबतच्याशी बोलता आलं पाहिजे. 'काल धानाला काय भाव लागला?' हे वाक्य न अडखळता विचारता आलं तर वेग बरोबर. एकेक शब्द तोडून बोलावं लागलं तर वेग जास्त, तो कमी करा. भरभर चालणारा माणूस तुमच्या पुढे निघून गेला तरी हरकत नाही.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांतच सुधारतात. हाडं, सांधे आणि त्यांना बांधणाऱ्या शिरा मजबूत व्हायला मात्र महिने लागतात. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात 'आता दम लागत नाही' म्हणून माणूस अंतर एकदम दुप्पट करतो आणि नडगी नाहीतर टाच दुखायला लागते. सोडून देणारे बरेच जण याच वळणावर सोडतात. छाती तयार असते, पाय तयार नसतात.

दहा आठवड्यांचा हिशेब

१९९६ मध्ये अमेरिकेत जोश क्लार्क नावाच्या तरुणानं पन्नाशीतल्या आपल्या आईला धावायला लागता यावं म्हणून नऊ आठवड्यांची पद्धत तयार केली. आज जगभरातले नवखे लोक तिच्याच आधारानं सुरुवात करतात. तिचं मर्म एवढंच की थोडं धावा, थोडं चाला आणि दर आठवड्याला धावणं थोडं वाढवा. आपल्याकडे ती थोडी सावकाश, अशी करता येईल :

• आठवडा १ : १ मिनिट धावणं, दीड मिनिट चालणं. असं ८ वेळा.
• आठवडा २ : दीड मिनिट धावणं, २ मिनिटं चालणं. ६ वेळा.
• आठवडा ३ : २ मिनिटं धावणं, २ मिनिटं चालणं. ६ वेळा.
• आठवडा ४ : ३ मिनिटं धावणं, २ मिनिटं चालणं. ५ वेळा.
• आठवडा ५ : ५ मिनिटं धावणं, ३ मिनिटं चालणं. ३ वेळा.
• आठवडा ६ : ८ मिनिटं धावणं, ३ मिनिटं चालणं. २ वेळा.
• आठवडा ७ : १० मिनिटं धावणं, ३ मिनिटं चालणं, परत १० मिनिटं धावणं.
• आठवडा ८ : १५ मिनिटं धावणं, २ मिनिटं चालणं, परत ८ मिनिटं धावणं.
• आठवडा ९ : सलग २० ते २५ मिनिटं.
• आठवडा १० : सलग ३० मिनिटं, आपल्या चालीनं.

आठवड्यातून तीनच दिवस धावायचं आणि मध्ये एक दिवस सुट्टी ठेवायची. प्रत्येक वेळी आधी ५ मिनिटं आणि नंतर ५ मिनिटं नुसतं चालायचं. एखादा आठवडा जड गेला तर तोच परत करा, त्यात लाज कसली? घड्याळ किंवा मोबाईल नसेल तर रस्त्याचे विजेचे खांब मोजा. दोन खांब धावायचं, दोन खांब चालायचं.

धानाची कापणी-मळणी आटोपली की नोव्हेंबरात सुरुवात केली तर संक्रांतीच्या सुमारास दहा आठवडे पूर्ण होतात. हवाही साथ देते. एप्रिल-मेमध्ये विदर्भाच्या उन्हात नव्यानं सुरुवात करू नका.

कुठं धावायचं आणि पायात काय घालायचं?

जिल्हा परिषद शाळेचं मैदान, पांदण रस्ता, नहराची पाळ, तलावाची पार या जागा सगळ्यात चांगल्या. माती पायाला सोसते, सिमेंट रस्ता सोसत नाही. भंडारा-तुमसर रस्त्यासारख्या वाहत्या रस्त्यावर अंधारात धावणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. टिप्पर आणि ट्रकवाल्याला धुक्यात माणूस दिसत नाही. रस्त्यानंच जावं लागत असेल तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा बाजूनं, म्हणजे उजव्या कडेनं धावा आणि अंगात पांढरा किंवा भडक रंगाचा शर्ट घाला. गाणी ऐकायची असतील तर निदान एक कान मोकळा ठेवा. जंगलाला लागून असलेल्या गावांत उजाडल्याशिवाय आणि एकट्यानं निघू नका.

बूट महागच पाहिजेत असं नाही. मापापेक्षा अंगठ्याएवढी जागा पुढे असलेले, हलके आणि तळवा न झिजलेले बूट पुरेसे. चपलेवर मात्र धावू नका.

एकट्यानं नाही, चौघांनी

२ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये फक्त १३ जण शनिवारी सकाळी ५ किलोमीटर धावले. ना फी, ना बक्षीस. हळू धावणाऱ्याला आणि चालणाऱ्यालाही सामावून घेणारा हा शनिवारचा कार्यक्रम पुढे अनेक देशांत गेला. तेरा माणसं तर आपल्या कोणत्याही एका वॉर्डात मिळतील.

गट का लागतो? सहा वाजता चौकात तिघं वाट पाहून राहिले हे माहीत असलं की रजई बाजूला सारावीच लागते. गट टिकवायचा असेल तर चार गोष्टी पाळा. वेग सगळ्यात हळू माणसाचा ठेवा. कोणी थांबला तर एक जण त्याच्यासोबत थांबेल. गटाच्या व्हॉट्सअॅपवर 'किती पळलो' एवढंच न टाकता, जो दोन दिवस आला नाही त्याला 'भाऊ, तब्येत बरी आहे न?' असंही विचारा. आणि कोणाच्या पोटावर, वयावर किंवा कपड्यावर हसू नका.

बायकांसाठी हे जास्त महत्त्वाचं आहे. घराबाहेर पडून धावायचं म्हटलं की आधी लोक काय म्हणतील हेच मनात येतं. २०१४ मध्ये बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये साठी ओलांडलेल्या लता भगवान करे नऊवारी नेसून, अनवाणी धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. पतीच्या उपचाराला पैसे हवे होते म्हणून धावल्या. पुढे त्यांच्यावर चित्रपट निघाला. त्यांची परिस्थिती कोणावर येऊ नये, पण नऊवारीत धावता येतं हे त्यांनी साऱ्या महाराष्ट्राला दाखवलं. गावातल्या दोन जावा, तीन मैत्रिणी किंवा बचत गटातल्या चौघी मिळून निघाल्या की बोलणारे आठवडाभर बोलतात, मग थकतात.

भरतीच्या मुलांनो, तुमच्यासाठी

पोलीस शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं आणि त्याला २० गुण आहेत. म्हणून रोज घड्याळ लावून पूर्ण ताकदीनं पळणारे बरेच असतात. रोज जीव तोडून पळाल्यानं वेळ सुधारत नाही, दुखापत होते. आठवड्यातले बहुतेक दिवस बोलता येईल अशा चालीनं धावा. वेगाचं पळणं एक किंवा दोन दिवसच पुरे.

बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२३ च्या आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये सुवर्णपदक घेऊन आला. तो खेळाडू म्हणून सैन्यात गेला नव्हता. आधी जवान झाला, सियाचीनला राहिला आणि त्यानंतर स्पर्धेच्या धावण्याकडे वळला. सुरुवात उशिरा झाली म्हणून काही बिघडत नाही.

आणि कोणी 'भरतीच्या दिवशी ही गोळी घे, हे इंजेक्शन घे, दम लागत नाही' असं सांगत असेल तर त्याला दुरूनच नमस्कार करा. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीच्या १० किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान दहाहून अधिक उमेदवारांचा जीव गेला. भरती परत निघते.

आपल्या भागातली खास काळजी : सिकलसेल

पूर्व विदर्भात, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. धावणाऱ्याला याची माहिती असलीच पाहिजे.

सिकलसेलमध्ये रक्तातल्या लाल पेशी प्राणवायू कमी पडला की गोल न राहता विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. ज्याला आई आणि वडील दोघांकडून हा दोष आला तो 'एसएस', म्हणजे रुग्ण. ज्याला एकाकडूनच आला तो 'एएस', म्हणजे वाहक. वाहकाला एरवी काही त्रास नसतो, म्हणून बहुतेकांना आपण वाहक आहोत हेच माहीत नसतं.

वाहकानं धावू नये असं मुळीच नाही. पण कडक ऊन, अंगात पाणी कमी आणि एकदम जीव तोडून पळणं हे तिन्ही एकत्र आलं तर वाहकाचे स्नायू खराब होऊन तो कोसळू शकतो. अमेरिकन सैन्यातल्या जवानांवरचा मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात वाहकांच्या मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं नाही, पण श्रमामुळे स्नायू खराब होण्याचं प्रमाण जास्त आढळलं. म्हणजे घाबरायचं नाही, जपायचं. हळूहळू वाढवायचं, पाणी प्यायचं, उन्हात शर्यत लावायची नाही. 'एसएस' असलेल्यानं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय धावणं सुरू करू नये.

तपासणी सोपी आहे. रक्ताच्या थेंबावर आधी सोल्युबिलिटी चाचणी होते आणि ती पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी होऊन 'एएस' की 'एसएस' हे कळतं. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आपल्या आशाताईंना विचारा. धावायला जाणाऱ्या गटानं सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी तपासणी करून घेतली तर उत्तमच.

खाणं-पिणं

अर्ध्या तासाच्या धावण्याला कोणतंही पावडर, कोणतंही एनर्जी ड्रिंक लागत नाही. निघण्याआधी एक पेला पाणी आणि आल्यावर पेज, आंबील, चणे, अंडं, जे घरी असेल ते चालतं. घाम फार आला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ टाकून घोट घोट प्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांशी बोलावं आणि उपाशीपोटी धावू नये. चाळिशी उलटलेल्यांनी, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी सुरुवातीआधी तपासणी करून घ्यावी.

लगेच थांबा, जर...

• छातीत दुखलं, दाबल्यासारखं वाटलं, किंवा कळ हातात, जबड्यात गेली
• चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारी आली
• थांबल्यावरही दम बसत नाही
• स्नायू एकदम फार दुखतात, पायात जोर राहत नाही
• लघवी चहाच्या रंगाची झाली

यातलं काहीही झालं तर 'थोडं बसला की बरं वाटेल' म्हणत घरी नेऊ नका. सावलीत झोपवा, अंग फार तापलं असेल तर ओल्या कपड्यानं थंड करा आणि १०८ ला फोन लावून सरळ दवाखाना गाठा. डॉक्टरांना 'धावताना झालं' हे सांगा आणि सिकलसेल वाहक असेल तर तेही सांगा.

बाकी हिशेब साधा आहे. चार माणसं, एक मैदान आणि पहिल्या दिवशी एक मिनिट. ज्या काकांना 'तुमच्याच्यानं होत नाही' असं वाटत असेल, त्यांना ही बातमी पाठवा आणि सोबत लिहा, 'उद्या सहा वाजता शाळेच्या मैदानावर या, मीही हळूच धावतो.'