गिरणी कामगार, मुंबईतील
मुंबई शहरातील कापडगिरण्यांत मजुरी करणारा औद्योगिक कामगारवर्ग. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९८० च्या दशकापर्यंत हा मुंबईतील सर्वांत मोठा संघटित श्रमिक समूह होता. त्याचा इतिहास बहुधा संपांचा इतिहास म्हणून लिहिला जातो आणि संपाचे कारण म्हणून वेतनाकडे बोट दाखविले जाते. वेतनाचा प्रश्न मूलभूत होता यात शंका नाही. तथापि त्याच्याबरोबरच आणखी एक प्रश्न प्रारंभापासून निगडित होता. कामगाराच्या वतीने बोलावयाचे कोणी आणि त्याचे बोलणे मालकाने व सरकारने कोणत्या मार्गाने ऐकावयाचे, हा तो प्रश्न होय. या वर्गाचे राजकारण मुख्यतः त्यातून घडत गेले.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली आणि ताडदेव येथील तिची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढील अर्धशतकात परळ, लालबाग, भायखळा, वरळी व शिवडी या परिसरात गिरण्यांची दाटी होऊन त्यास ‘गिरणगाव’ हे नाव पडले. मजूर मुख्यत्वे रत्नागिरी व सातारा जिल्ह्यांतून आणि घाटावरच्या इतर भागांतून येत. नंतर उत्तर भारतातूनही येऊ लागले. बहुतेकांची बायकामुले गावी राहत, मनीऑर्डर गावी जाई आणि भातलावणीच्या दिवसांत अनेक कामगारही गावी जात. या संबंधामुळे मुंबईचा कामगार अर्धा शेतकरीच राहिला व म्हणून त्याची संघटना होऊ शकली नाही, असे मत पूर्वी प्रचलित होते. ते फारसे टिकत नाही. दीर्घकाळ चाललेल्या संपात कामगारांना तग धरता आला, तो पुष्कळ अंशी गावच्या भाकरीच्या आधारावर.

विषमतेचे स्वरूप : मालक व मजूर यांच्या उत्पन्नातील अंतर उघड होते, त्याच्या पोटात दुसऱ्याही विषमता दडलेल्या होत्या. कामगाराची भरती जॉबर करीत असे. नोकरी देणे, ती टिकविणे किंवा घालविणे हे त्याच्या हाती असल्याने त्याला दस्तुरी द्यावी लागे; पुष्कळदा राहण्याची जागा व उसनवारीही त्याच्याच ओळखीने मिळे. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नाईकीण करी. कायम कामगाराखेरीज रोज पहाटे गिरणीच्या दारात उभे राहून कोणी गैरहजर असल्यासच काम मिळविणारा ‘बदली’ कामगार हा वेगळाच थर होता. कित्येकांची सारी उमेद बदलीवरच गेली.

जातीची उतरंड गिरणीच्या आतही शिरली होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील कामगारांना कताईच्या, विशेषतः रिंगखात्यातील कामावर घेतले जाई. अधिक मजुरीच्या विणकाम खात्यात मात्र प्रवेश नसे. धोट्यातील कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, तेव्हा स्पृश्य विणकरांना विटाळ होईल, असे कारण त्यासाठी पुढे केले जाई. यंत्र आधुनिक होते म्हणून त्याच्याभोवतीची माणसे आपोआप आधुनिक झाली नाहीत, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. स्त्रियांची स्थितीही दुय्यम राहिली. १९२० च्या दशकात त्यांचे प्रमाण सुमारे एकपंचमांश होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात प्रसूतिलाभाचा कायदा झाला. पण यंत्रसुधारणा आणि खर्चकपात यांचा पहिला आघात स्त्रियांच्या खात्यांवर होत गेला आणि साठ वर्षांनी त्यांची संख्या अगदी अल्प उरली.

निवासाविषयी एवढे सांगणे पुरेसे आहे की, १९२० च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने (बीडीडी) वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बांधलेल्या २०७ चाळींतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती आणि त्या काळी ती सुधारलेली घरे समजली जात. एका खोलीत अनेक एकटे पुरुष पाळीपाळीने झोपत. जेवणासाठी खानावळ असे. या खानावळी चालविणाऱ्या स्त्रिया गिरणीच्या हजेरीपटावर नसल्या, तरी संपकाळात उधारीवर जेवू घालून त्यांनी गिरणगाव जगविले आहे.

पहिले प्रयत्न : सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व दीनबंधु पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे (१८४८–९७) यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेऊन सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन कारखाना आयोगापुढे ठेवले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढाच कामाचा काळ, मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत आणि अपघातात जायबंदी झाल्यास भरपाई, अशा त्यातील मागण्या होत्या. पगाराच्या तारखेची मागणी आज क्षुल्लक वाटेल. परंतु पगार लांबला की वाणी व सावकार यांचे देणे वाढे आणि कामगार गिरणीइतकाच त्यांच्याशीही बांधला जाई. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे भरलेल्या सभेस सुमारे दहा हजार कामगार जमले व तीत दोन स्त्रियांनीही भाषणे केली. त्याच वर्षी मालकांनी रविवारची सुटी मान्य केली. लोखंडे यांच्या ‘बाँबे मिल हँड्स असोसिएशन’ला सभासदांची यादी, निधी वा लिखित नियम नव्हते. त्यामुळे तिला आधुनिक अर्थाने कामगार संघटना म्हणता येत नाही. परंतु कामगारांचा असा काही विचार असतो आणि तो त्यांच्या वतीने मांडणारे मुखपत्र व मुखत्यार असू शकतात, ही कल्पना तिने रुजविली.

मजुरीशी थेट संबंध नसलेल्या प्रश्नावरही हा वर्ग रस्त्यावर येऊ शकतो, हे जुलै १९०८ मध्ये दिसले. लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाल्यावर गिरण्यांत सहा दिवसांचा संप झाला. लेनिन यांनी त्याची दखल भारतीय श्रमिकांच्या राजकीय प्रौढतेचे लक्षण म्हणून घेतली. या अर्थनिर्णयात उत्साहाचा भाग थोडा अधिक आहे. संप घडविण्यात जॉबर आणि वस्तीतील प्रमुख मंडळी यांचाही वाटा होता. तरीही सरकार आणि गिरणी या दोन सत्ता परस्परांहून फार वेगळ्या नाहीत, ही जाणीव यानंतर बळावली, असे म्हणता येते.

मताधिकार व संघटना : पहिल्या महायुद्धानंतरची महागाई आणि गिरण्यांचे अफाट नफे यांमुळे १९१९ व १९२० साली सार्वत्रिक संप झाले. ऑक्टोबर १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस मुंबईतच स्थापन झाली. याच काळात प्रातिनिधिक संस्थांचा विस्तार होत होता. परंतु मताधिकार मालमत्ता, कर किंवा भाडे यांच्याशी जोडलेला होता. मुंबई महानगरपालिकेसाठी १९२२ च्या सुधारणेने दरमहा दहा रुपये भाडे भरणाऱ्यास मत मिळाले. गिरणगावातील एका खोलीचे भाडे सामान्यतः याहून कमी असे. म्हणजे ज्या शहराची संपत्ती कामगार निर्माण करीत होता, त्याच्या कारभारात त्याला मत नव्हते. केंद्रीय विधिमंडळात ना. म. जोशी (१८७९–१९५५) यांनी दीर्घकाळ कामगारांची बाजू अभ्यासपूर्वक मांडली, तीही सरकारनियुक्त सभासद म्हणून.

मतपेटीचा मार्ग बंद असताना संप हेच मत ठरले. १९२५ मध्ये साडेअकरा टक्के वेतनकपातीविरुद्ध झालेला संप सरकारने कापडावरील साडेतीन टक्के अबकारी कर स्थगित करून कपात मागे घेतली गेल्यावरच मिटला. एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ हा सहा महिन्यांचा संप तर या चळवळीचा मध्यबिंदू होय. विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत, अशा स्वरूपाच्या कामवाढीविरुद्ध सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन (लाल बावटा) स्थापन झाली आणि श्री. अ. डांगे, र. शि. निंबकर, शां. स. मिरजकर, के. ना. जोगळेकर यांच्याबरोबर अ. आ. आळवे, ग. रा. कासले हे प्रत्यक्ष गिरणीत राबलेले पुढारी तिच्या अग्रभागी होते. गिरणीगिरणीतून कामगारांच्या समित्या उभ्या राहिल्या आणि जॉबरच्या सत्तेला प्रथमच खरे आव्हान मिळाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच संपाच्या वेळी विणकाम खात्यातील बंदीचा प्रश्न संप-पुढाऱ्यांपुढे रोखठोकपणे मांडला. पुढाऱ्यांनी तो मागण्यांत घेतला, पण नाखुशीने. मालकाकडून समान न्याय मागणारी चळवळ स्वतःच्या रांगेतील विषमतेविषयी मौन पाळू शकते काय, हा त्यामागील प्रश्न होता आणि त्याचे समाधानकारक उत्तर डाव्या पक्षांना नंतरही पुष्कळ काळ देता आले नाही. मार्च १९२९ मध्ये मीरत कट खटल्यासाठी प्रमुख पुढाऱ्यांना अटक झाली आणि त्या वर्षीचा दुसरा सार्वत्रिक संप फसला.

कायदा आणि प्रतिनिधित्व : १९३४ च्या संपानंतर मुंबई सरकारने तडजोडीचा जो कायदा केला, त्यानुसार कामगारांचे हित पाहण्यास सरकारी लेबर ऑफिसर नेमला गेला. कामगारांचा प्रवक्ता सरकारने पुरवावा, ही योजना पुढील सर्व कायद्यांची नांदी ठरली. १९३६ मध्ये आंबेडकरांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३८ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहविषयक विधेयक आणले. त्यात सक्तीची तडजोड होती व तिच्या आधी केलेला संप बेकायदा ठरत होता. संपाबद्दल शिक्षा करणे म्हणजे माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबविणे, म्हणजेच दास्य होय, असा युक्तिवाद आंबेडकरांनी विधिमंडळात केला. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष व कम्युनिस्ट यांनी एकत्र येऊन एक दिवसाचा संप घडविला. तरीही विधेयक संमत झाले.

त्याची जागा घेणाऱ्या मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ ने ‘प्रातिनिधिक संघटना’ ही संज्ञा रूढ केली. स्थानिक क्षेत्रातील त्या उद्योगात किमान ठरावीक (पुढे पंचवीस टक्के) सभासद दाखविणाऱ्या एकाच संघटनेस सर्व कामगारांच्या वतीने करार करण्याचा अधिकार मिळाला. मुंबईच्या कापड उद्योगात हे स्थान काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेले. सभासदत्व नोंदवहीवरून ठरत असे. गुप्त मतदानाची तरतूद नव्हती. म्हणजे देशाचे सरकार मताने निवडणाऱ्या कामगाराला, १९५२ पासून प्रौढ मताधिकार मिळाल्यानंतरही, स्वतःची संघटना मात्र मताने निवडता येत नव्हती. बोनससाठी १९५० मध्ये समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने चालविलेला दोन महिन्यांचा संप याच भिंतीवर आदळला.

कारखान्यात अडलेला आवाज कारखान्याबाहेर उमटत राहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गिरणगाव आघाडीवर होते. अण्णा भाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांच्या कलापथकांचा श्रोतृवर्ग मुख्यतः येथलाच. १९५७ मध्ये डांगे प्रचंड मतांनी लोकसभेत गेले. मात्र १९६६ मध्ये स्थापन झालेल्या शिवसेनेने नोकऱ्यांच्या टंचाईचा प्रश्न वर्गाऐवजी प्रांताच्या भाषेत मांडला. जून १९७० मध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला व त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचे वामनराव महाडिक विजयी झाले. लाल बावट्याच्या बालेकिल्ल्यातील हा बदल केवळ दहशतीने घडला, असे मानणे सोपे आहे. चाळीत वाढलेल्या बेकार तरुणाला युनियनमध्ये स्थान नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

१९८२ चा संप व नंतर : बोनसच्या वादातून १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत (१९३२–९७) यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांनी संप पुकारला. वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि १९४६ चा अधिनियम रद्द करणे या प्रमुख मागण्या होत्या. यांपैकी तिसरी सर्वांत अवघड ठरली. सरकार व मालक कायद्याने मान्य संघटनेशीच बोलणार, आणि संपावरील कामगारांचा त्या संघटनेवर विश्वास उरलेला नव्हता. गिरण्या बंद असताना उत्पादन भिवंडी व अन्यत्रच्या यंत्रमागांकडे वळले. अनेक मालकांना संप मिटविण्याची घाईही नव्हती. संप मागे घेतल्याची घोषणा कधीच झाली नाही; एक लाखाहून अधिक कामगार कायमचे कामाबाहेर गेले. १९८३ मध्ये तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन केंद्र सरकारने हाती घेतले. १९८४ मध्ये सामंत लोकसभेवर अपक्ष म्हणून निवडून आले, म्हणजे कामगारांनी आपला प्रतिनिधी मतपेटीतून सांगितला. तोवर नोकऱ्या गेल्या होत्या.

त्यानंतरचा वाद जमिनीचा आहे. गिरण्यांखालील सुमारे सहाशे एकर जमिनीपैकी विक्रीस निघणाऱ्या क्षेत्राचा एकतृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी महापालिकेस, एकतृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि उरलेला मालकास, अशी तरतूद १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने केली. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मूळच्या मोकळ्या जागेपुरती सीमित झाली. इमारती पाडून रिकामी होणारी जमीन वगळली गेली. उच्च न्यायालयाचा याविरुद्धचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये फिरविला. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या गिरणी कामगार संघर्ष समितीने व अन्य संघटनांनी घरांचा लढा चालू ठेवला. जून २०१२ मध्ये ‘म्हाडा’ने ६,९२५ घरांची पहिली सोडत काढली, तेव्हा अर्ज सुमारे दीड लाख होते. पुढील सोडतींनंतरही बहुसंख्य अर्जदार शिल्लक राहिले. त्यांच्यासाठी २०२४ मध्ये शेलू व वांगणी येथील घरांची योजना पुढे आली. ही गावे मुंबईबाहेर, अनुक्रमे रायगड व ठाणे जिल्ह्यांत आहेत. घर मुंबईतच मिळावे, अशी कामगार व त्यांच्या वारसांच्या संघटनांची मागणी आहे.