कायद्यातला खडा कोण वेचतो?

मैत्रिणींनो, बातम्यांत संसदेतला गोंधळ दिसला की आपण काय करतो? "काय ही आरडाओरड! देशाचा कारभार असा चालतो होय?" असं म्हणून चॅनेल बदलतो. आपलं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण पडद्यावर दिसतो तो अर्धाच कारभार. उरलेला अर्धा कागदांच्या ढिगात, समितीच्या बैठकीत आणि ग्रंथालयात चालतो. तिथे आरडाओरड नसते, म्हणून त्याची बातमीही होत नाही. पण कायदा आपल्या उंबऱ्याच्या आत येतो, तो बरेचदा तिथूनच सुधारून येतो.

आपण तांदूळ निवडल्याशिवाय आधण ठेवत नाही. कितीही घाई असली तरी ताटात पसरून एकदा हात फिरवतोच. राज्यसभेकडून हीच अपेक्षा आहे. लोकसभेने मंजूर केलेले विधेयक इथे पुन्हा एकदा ताटात पसरायचे! हे सभागृह कधी बरखास्त होत नाही. सभासदांची मुदत ६ वर्षांची असते आणि दर २ वर्षांनी त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश निवृत्त होतात. एकूण सभासद २४५, त्यांत आपल्या महाराष्ट्राचे १९.

माहिती येते कुठून?

तुम्ही म्हणाल, एका सभासदाला शेती, औषधे, बँका, बाळंतपण, सगळे कसे कळणार? नाहीच कळत. म्हणून संसदेच्या ग्रंथालयाला जोडून संदर्भ आणि संशोधन सेवा आहे. २००२ पासून ती संसदेच्या आवारातल्या 'संसदीय ज्ञानपीठ' या इमारतीत आहे. सभासदाने विचारले की तिथली मंडळी जुने कायदे, आकडे, अहवाल काढून देतात. महत्त्वाच्या विधेयकांवर टिपणेही तयार करतात. राज्यसभेच्या सचिवालयातही संशोधनाचे काम करणारी माणसे आहेत.

शिवाय १९९३ पासून खात्यांनुसार स्थायी समित्या आहेत. आज त्या २४ आहेत. प्रत्येकीत लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० असे ३१ सभासद असतात. त्यांतल्या ८ समित्यांचे काम राज्यसभेचे सचिवालय पाहते. आरोग्याची समिती त्यांतलीच एक.

पाच वर्षांची अट

या कागदी कामाचा आपल्याशी काय संबंध, ते एका उदाहरणाने सांगते. सरोगसी, म्हणजे दुसऱ्या स्त्रीच्या पोटी आपले मूल वाढवणे. त्याचा बाजार मांडला जाऊ नये म्हणून सरकारने २०१६ मध्ये विधेयक आणले. हेतू चांगलाच होता. पण त्यात अटी अशा होत्या की लग्नाला किमान ५ वर्षे झालेली असावीत, ५ वर्षांत दिवस राहिलेले नसावेत, आणि मूल वाढवणारी स्त्री जवळच्या नात्यातलीच हवी.

आता विचार करा. एखादीला जन्मतःच गर्भाशय नाही. एखादीची ऐन पंचविशीत कॅन्सरमुळे पिशवी काढून टाकलेली. तिने ५ वर्षे वाट पाहायची, ती कशाची? आणि नात्यातली म्हणजे कोण? जाऊ की नणंद? घरातल्या धाकट्या सुनेवर "तूच कर ना" असा दबाव आला, तर तिला नाही म्हणता येईल का? हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आरोग्य समितीने डॉक्टरांची, तज्ज्ञांची, संस्थांची मते ऐकली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये अहवाल दिला. ५ वर्षांऐवजी १ वर्ष करा, नात्याची अट काढा, विधवा आणि घटस्फोटितांनाही परवानगी द्या, असे त्यात होते. पण डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेने विधेयक मंजूर केले तेव्हा ५ वर्षांची अट तशीच राहिली! पुढे २०१९ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बारगळले.

विधेयक बारगळले, पण अहवाल बारगळला नाही. त्याच वर्षी नवे विधेयक आले, तेही जुन्याच अटींसह. ५ ऑगस्ट २०१९ ला लोकसभेने ते मंजूर केले. राज्यसभेने मात्र २१ नोव्हेंबरला ते २३ सभासदांच्या प्रवर समितीकडे सोपवले. भूपेंद्र यादव अध्यक्ष होते. समितीने पुन्हा साक्षी घेतल्या, निवेदने वाचली आणि ५ फेब्रुवारी २०२० ला अहवाल दिला. ५ वर्षांची अट गेली. 'जवळची नातेवाईक' याऐवजी 'स्वेच्छेने तयार असलेली स्त्री' असे शब्द आले. ३५ ते ४५ वयाच्या विधवा आणि घटस्फोटित स्त्रीला वाट मोकळी झाली. मूल वाढवणाऱ्या बाईचा विमा १६ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर गेला. बाळंतपणानंतरची दुखणी लगेच थोडीच संपतात! डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी हे मान्य केले आणि २५ जानेवारी २०२२ पासून कायदा लागू झाला.

सगळेच खडे वेचले गेले, असे मात्र नाही. मूल वाढवणाऱ्या बाईला वाजवी मोबदला मिळावा, असे २०१७ च्या समितीचे म्हणणे होते. ते मानले गेले नाही. अविवाहित स्त्रीलाही या कायद्याने दार उघडलेले नाही. अभ्यास नेहमी जिंकतोच असे नाही. पण तो लिहून ठेवलेला असला, की पुढच्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

तुम्ही काय करू शकाल?

समितीकडे विधेयक आले की वर्तमानपत्रांत आणि राज्यसभेच्या संकेतस्थळावर सूचना येते. मते कोणीही पाठवू शकते. त्यासाठी वकील लागत नाही, ओळखही लागत नाही. एवढेच लक्षात ठेवा:

• सूचनेतली मुदत आधी पाहा. ती थोड्या दिवसांचीच असते.

• निवेदन इंग्रजीत किंवा हिंदीत लागते. मराठीत विचार करून लिहा आणि मग लेकीकडून, भाच्याकडून उतरवून घ्या.

• कोणते कलम, त्याचा त्रास कुणाला, आणि त्याऐवजी काय हवे, या तीन गोष्टी सांगा. पाल्हाळ नको.

• स्वतः पाहिलेले, अनुभवलेले असेल तर ते जरूर लिहा. भिशीत किंवा महिला मंडळात बसून चौघींनी मिळून लिहिले तर आणखी चांगले.

• निवेदन समितीच्या दप्तरात जमा होते आणि ते गोपनीय मानतात. तेव्हा "लोक काय म्हणतील" ही भीती नको. आपणही ते बाहेर छापू नये.

• समितीपुढे बोलायचे असेल तर तसे लिहा. बोलवायचे की नाही, ते समिती ठरवते.

बायकांच्या दुखण्याखुपण्यावरचा कायदा बायकांना न विचारता झाला, की आपल्याला राग येतो. येणारच. पण विचारणारी सूचना पेपरात आली, तर तो पेपर वाचायच्या आधीच डब्याखाली घालू नका. भातातला खडा पहिल्यांदा लागतो तो जेवणाऱ्याच्या दाताला, आणि तो कुठे लागला हे त्यालाच नेमके सांगता येते.