विश्लेषण : निखळलेला खांदा बसवला, मग दुखापत संपली का?

२३ मार्च २०२१. पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावर भारत-इंग्लंड यांच्यातील पहिला एकदिवसीय सामना सुरू होता. इंग्लंडच्या डावाच्या आठव्या षटकात चेंडू अडवण्यासाठी श्रेयस अय्यरने सूर मारला आणि त्याच्या डाव्या खांद्याला दुखापत झाली. खांदा पूर्ण निखळला नव्हता, अर्धवट सरकला होता. तरीही त्याची उरलेली मालिका हुकली, एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या हंगामात दिल्लीच्या आयपीएल संघाचे कर्णधारपद ऋषभ पंतकडे गेले. सरकलेला सांधा जागेवर बसवायला काही मिनिटे पुरतात. मग एवढे महिने कशासाठी?

नेमके काय होते?

लिंबू-चमचा शर्यत आठवा. चमचा उथळ आणि लिंबू मोठे, म्हणून जराशा धक्क्यानेही ते पडते. खांद्याची रचना साधारण तशीच आहे. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याची खोबण उथळ. म्हणूनच हात जवळपास सगळ्या दिशांना फिरतो आणि म्हणूनच शरीरातील मोठ्या सांध्यांत खांदा सर्वाधिक निखळतो. खोबणीच्या कडेला कुर्चेची गोलाकार कड असते. ती आणि आजूबाजूचे अस्थिबंध, स्नायू मिळून गोळ्याला धरून ठेवतात. गोळा बाहेर पडतो तेव्हा हीच कड बहुधा फाटते, कधी गोळ्याच्या हाडालाही खाच पडते. गोळा परत आत गेला तरी फाटलेली कड आपोआप पूर्वीसारखी जुळेलच असे नाही.

विशीच्या आत पहिल्यांदा खांदा निखळला, तर तो पुन्हा निखळण्याची शक्यता निम्म्याहून बरीच जास्त असते. मग झोपेत कूस बदलताना किंवा बसचा दांडा धरतानाही तो सरकू लागतो. चाळिशीनंतर पुन्हा निखळण्याचा धोका कमी होतो, पण त्या वयात खांदा फिरवणारे स्नायूबंध फाटलेले असू शकतात. सांधा बसवल्यावर दोन-तीन आठवड्यांनीही हात वर उचलता येत नसेल, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून देऊ नये.

ओळखायचे कसे?

पावसाळ्यात दुचाकी घसरून पुणेकर हातावर पडतो, तेव्हा बहुतेक वेळा गोळा पुढच्या बाजूला सरकतो. खांद्याची गोलाई जाऊन तिथे टोकदार कोपरा दिसतो आणि माणूस दुसऱ्या हाताने तो हात सावरून धरतो, कारण किंचित हालचालही असह्य होते. खांद्याच्या बाहेरच्या बाजूची त्वचा बधिर वाटत असेल, तर मज्जातंतूला ताण बसल्याची शंका घ्यावी.

गोळा मागे सरकण्याचा प्रकार विरळा, पण फसवा आहे. फिट येऊन गेल्यावर किंवा विजेचा धक्का बसल्यावर तो होतो. खांदा बाहेरून फारसा वेडावाकडा दिसत नाही, समोरून काढलेल्या एक्स-रेतही तो निसटू शकतो. हात आतल्या बाजूला अडकून बाहेर वळतच नसेल, तर दुसऱ्या कोनातून एक्स-रे हवा.

घड्याळ कुठे मोजावे लागते?

गुडघ्याच्या बाबतीत सर्वात जास्त. इथे वाटी सरकण्याबद्दल बोलणे नाही. मांडीचे आणि नडगीचे हाड एकमेकांपासून सुटते तेव्हाची ही गोष्ट. गुडघ्याच्या मागून जाणारी मुख्य धमनी त्यात ताणली किंवा फाटली जाते. रक्तपुरवठा सहा ते आठ तासांत पूर्ववत झाला नाही, तर पाय कापावा लागण्याचा धोका झपाट्याने वाढतो. त्यात मेख अशी, की असा गुडघा रुग्णालयात पोहोचण्याआधीच स्वतःहून जागेवर येऊ शकतो. मग दिसते ती फक्त सूज, आणि ‘मुरगळलाय, बर्फ लावा’ असे कुणीतरी म्हणतेच. पाऊल थंड, फिकट किंवा बधिर असेल, तर थांबायला वेळ नाही. नाडी लागली तरी डॉक्टर घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहतात, ते याचसाठी.

खुब्यालाही अशीच मुदत असते. मोटारीच्या समोरासमोरच्या धडकेत गुडघा डॅशबोर्डवर आदळतो आणि मांडीचा गोळा मागे निसटतो. पाय आखूड होऊन आत वळलेला दिसतो. गोळा शक्यतो सहा तासांच्या आत बसवावा लागतो, नाहीतर त्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मृत होऊ लागते. हे काही महिन्यांनी, कधी वर्ष-दोन वर्षांनी उघडकीस येते. पाऊल वर उचलता येत नसेल, तर पायाची मोठी नस दुखावलेली असू शकते.

हाडवैद्याकडे गेले तर?

तालमीतल्या वस्तादाने खांदा बसवून दिल्याच्या गोष्टी पुण्याच्या पेठांत आजही सांगितल्या जातात, आणि त्या सगळ्या खोट्या नाहीत. पण सांध्यासोबत हाडही मोडले आहे का, हे हाताला कळत नाही. मोडलेल्या हाडावर ओढाताण झाली, तर तुकडा आणखी सरकतो. कोपराला तेल चोळणे तर विशेष घातक, कारण दुखावलेल्या स्नायूत हाड तयार होऊन कोपर कायमचा आखडू शकतो. सांधा तीन आठवडे तसाच राहिला, तर नुसत्या ओढून तो बसणे अवघड होते आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

तोवर काय करावे?

हात ज्या स्थितीत आहे त्याच स्थितीत ओढणीने किंवा टॉवेलने गळ्यात बांधावा. अंगठ्या, बांगड्या सूज चढण्याआधी काढाव्यात. बर्फ कापडात गुंडाळून लावावा. खायला-प्यायला काही देऊ नये, चहासुद्धा नाही, कारण सांधा बसवताना भूल द्यावी लागू शकते. पायाची दुखापत असेल, तर रिक्षात कोंबण्यापेक्षा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सांधा बसवण्याआधी आणि नंतरही बोटांची हालचाल, स्पर्श आणि नाडी तपासली का, हे नातेवाइकांनी डॉक्टरांना जरूर विचारावे. झोळी निघाल्यावरचे व्यायाम बरेच जण दुखणे थांबताच सोडून देतात. खांद्याला सावरणारे स्नायू मात्र त्या व्यायामानेच पुन्हा बळकट होतात.