वळिवड्याची छावणी : दुसऱ्या महायुद्धाची एक जवळची बाजू

शाळेत असताना ‘दुसऱ्या महायुद्धाची कारणे लिहा’ या प्रश्नाचे उत्तर मी पाठ केले होते. व्हर्सायचा तह, जागतिक मंदी, हुकूमशाहीचा उदय, राष्ट्रसंघाचे अपयश. मुद्दे चार आणि गुणही चार. ते चारही गुण मला मिळाले. पण हे युद्ध कुठेतरी लांब, गोऱ्या लोकांच्या मुलुखात झाले आणि संपले, आपला त्याच्याशी संबंध तो काय, असेच मनात होते. खरे सांगायचे तर परीक्षेचा पेपर देऊन वर्गाबाहेर आले, त्याच दिवशी ते युद्ध माझ्यापुरते संपले होते.

गेल्या वर्षी मामेबहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही सारे गांधीनगरला गेलो. आपल्या जिल्ह्यात लग्न ठरले की गांधीनगर आलेच! साड्या पाहता पाहता आजीने दुकानदाराला सहज विचारले, “तुम्ही मूळचं कुठलं?” ते म्हणाले, “आजी, आमचे आजोबा सिंधमधून आले. फाळणीनंतर सरकारनं त्यांना इथल्या छावणीत जागा दिली. त्यांच्या आधी त्याच खोल्यांत पोलंडचे लोक राहून गेले होते. लढाईतले निर्वासित.” आजी नुसती “अगं बाई!” म्हणाली आणि पुन्हा पदर पाहू लागली. माझ्या डोक्यातून मात्र ते वाक्य जाईना.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वडील नृसिंहवाडीत पेढ्याच्या दुकानात कामाला आहेत. घरात विचारावे असे कोणी नव्हते. म्हणून मी इतिहासाच्या सरांना गाठले. त्यांनी ग्रंथालयातून पुस्तके काढून दिली. त्यांतून जे कळले ते आपल्यापुढे ठेवते.

युद्ध कसे पेटले?

पहिल्या महायुद्धानंतर २८ जून १९१९ रोजी व्हर्साय येथे तह झाला. जर्मनीवर युद्धाची जबाबदारी टाकण्यात आली, जबर खंडणी बसली, सैन्य कापले गेले आणि बराच मुलूख गेला. शंभराहून अधिक वर्षे नकाशावरून पुसला गेलेला पोलंड पुन्हा स्वतंत्र देश झाला आणि त्याला समुद्रापर्यंत जाण्यासाठी जर्मनीचा एक पट्टा मिळाला. ही गोष्ट अनेक जर्मनांना सलत राहिली. त्यातच १९२९ साली जागतिक मंदी आली. १९३२ पर्यंत जर्मनीत सुमारे साठ लाख लोक बेकार झाले होते. रिकाम्या पोटाच्या माणसाला ‘तुझ्या दुःखाला अमुक लोक जबाबदार आहेत’ असे कोणी ठासून सांगितले की ते त्याला पटते. हिटलरने नेमके हेच केले. त्याने सारा दोष ज्यूंवर आणि व्हर्सायच्या तहावर टाकला. जानेवारी १९३३ मध्ये तो सत्तेवर आला.

मार्च १९३८ मध्ये त्याने ऑस्ट्रिया घेतला. सप्टेंबरात म्युनिकच्या करारात इंग्लंड व फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा लचका त्याला तोडू दिला. एवढ्यावर त्याची भूक भागेल असे त्यांना वाटले. पण पुढच्याच मार्चमध्ये त्याने प्राग घेतले. २३ ऑगस्ट १९३९ रोजी जर्मनी आणि रशिया या एकमेकांच्या वैऱ्यांनी अनाक्रमणाचा करार केला. त्याच्या गुप्त कलमांत पोलंडची वाटणी ठरली होती. १ सप्टेंबरला जर्मनी पश्चिमेकडून पोलंडमध्ये शिरला आणि १७ सप्टेंबरला रशिया पूर्वेकडून. दोन्हीकडून पाणी चढले म्हणजे गावाची काय गत होते, हे आम्हां वाडीकरांना कोणी सांगायला नको.

पोलंडचे लोक येथे कसे आले?

रशियाने घेतलेल्या पूर्व पोलंडमधून फेब्रुवारी १९४० पासून जून १९४१ पर्यंत लाखो लोकांना घराबाहेर काढण्यात आले. मालगाड्यांच्या डब्यांत कोंबून त्यांना सैबेरियात आणि कझाकस्तानात नेले. लाकूडतोड, शेतीची सक्तीची मजुरी, थंडी, उपासमार आणि रोगराई यांनी पुष्कळजण तिथेच गेले.

२२ जून १९४१ रोजी हिटलरने रशियावरच चढाई केली आणि सारा डाव फिरला. आता रशियाला मित्र हवे होते. लंडनमध्ये परागंदा असलेल्या पोलंडच्या सरकारशी त्याने समझोता केला आणि कैदेतल्या पोलिश लोकांना सोडले. जनरल अँडर्स यांच्या हाताखाली त्यांचे सैन्य उभे राहिले. १९४२ साली हे सैन्य आणि त्यांच्यामागून चालत आलेली बायकामुले कास्पियन समुद्र ओलांडून इराणात उतरली. पुरुष लढाईवर गेले. बायकामुलांना ठेवायचे कुठे, हा प्रश्न उभा राहिला.

जामनगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे पोलिश मुलांसाठी छावणी उघडली. पण भारतातील सर्वांत मोठी पोलिश छावणी आपल्या कोल्हापूर संस्थानात, वळिवडे येथे १९४३ साली उभी राहिली. सुमारे पाच हजार लोक तिथे राहून गेले, आणि त्यांत बहुतेक बायका आणि मुलेच होती. बराकींच्या रांगा, शाळा, दवाखाना, चर्च, नाटकाची जागा, बालवीरांची पथके असे एक छोटे गावच तिथे वसले. ही मुले पंचगंगेत पोहायला शिकली. तीच पंचगंगा पुढे इचलकरंजीवरून आमच्या वाडीला येऊन कृष्णेला मिळते. लहानपणापासून मी ज्या घाटावर बसते, तिथल्या पाण्याला हे ठाऊक होते. मला मात्र नव्हते!

या मुलांचे वडील आणि भाऊ त्या वेळी इटलीत लढत होते. १८ मे १९४४ रोजी माँते कॅसिनोचा डोंगर पोलिश सैन्याने घेतला. त्याआधी त्याच डोंगरासाठी हिंदी पलटणींनीही रक्त सांडले होते. त्याच इटलीत १० जुलै १९४४ रोजी रायगड जिल्ह्यातील पळसगावचे नाईक यशवंत घाडगे यांनी एकट्याने शत्रूचे मशिनगनचे ठाणे घेतले आणि तिथेच ते कामी आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे आपली माणसे त्यांच्या खंडात मरत होती आणि त्यांची लेकरे आपल्या नदीकाठी वाढत होती.

त्याच वेळी आपल्याकडे

येथे एक अवघड प्रश्न येतो आणि तो टाळणे बरे नव्हे. हे युद्ध आपले होते काय? ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने हिंदी पुढाऱ्यांना न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले. सैन्य सुमारे दोन लाखांवरून पंचवीस लाखांवर गेले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात तीस लाखांच्या आसपास माणसे मेली. आपल्याच भागात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालू होते. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आपल्या साथीदारांसह सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. एका नदीच्या काठी इंग्रजांविरुद्ध गोळ्या झेलणारी माणसे आणि दुसऱ्या नदीच्या काठी इंग्रजांच्या दोस्तांची लेकरे! या दोन नद्यांच्या संगमावर राहणाऱ्या मला यातले कोणते खरे मानावे, हे बरेच दिवस कळत नव्हते.

आता वाटते, दोन्ही खरे आहे. राज्यकर्त्यांशी भांडण होते. सैबेरियातून उपाशी आलेल्या पोराशी नव्हते. आपण स्वतः पारतंत्र्यात असतानाही दुसऱ्याला आसरा देता येतो.

युद्ध संपले, घर मात्र गेले

८ मे १९४५ रोजी युरोपातील युद्ध थांबले. हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडल्यावर २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानने शरणागतीवर सही केली. जगभर सहा ते आठ कोटी माणसे मेली असावीत असा अंदाज केला जातो. एकट्या पोलंडचे साठ लाखांच्या आसपास नागरिक गेले. त्यांतले निम्मे ज्यू होते.

पण वळिवड्यातल्या लोकांचे दुःख निराळेच होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे बड्या राष्ट्रांनी पोलंडच्या सीमा पश्चिमेकडे सरकवल्या. पूर्व पोलंड रशियाकडे गेला. या बायकामुलांची घरे नेमकी तिथेच होती. ज्यांच्या बाजूने त्यांची माणसे लढली तो पक्ष जिंकला, आणि तरीही त्यांची गावे दुसऱ्या देशात गेली. १९४७-४८ मध्ये छावणी रिकामी झाली. कोणी पोलंडला परतले, पुष्कळजण इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे पांगले. काहीजण कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत कायमचे राहिले. आणि त्या बराकी ओस पडतात न पडतात तोच फाळणीने बेघर केलेली सिंधी कुटुंबे तिथे आली. वळिवड्याच्या छावणीचे गांधीनगर झाले.

कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश लोकांनी कृतज्ञतेचा स्तंभ उभारला आहे. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा येथेही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिले.

हे मला का लिहावेसे वाटले?

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी आले. तेव्हा मी सातवीत होते. आम्हांला बोटीतून काढून एका लांबच्या शाळेत ठेवले होते. तिथे जेवण मिळाले, अंथरूण मिळाले. लोकांनी जीव तोडून केले, याबद्दल तक्रार नाही. पण एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. कपडे वाटायला आलेली एक मुलगी माझ्याच वयाची होती. तिने आपल्या आईला विचारले, “हीपण पूरग्रस्त आहे का गं?” तोवर मी माझ्या वर्गातली हुशार मुलगी होते. त्या क्षणी मी नुसती ‘पूरग्रस्त’ झाले. आजी रात्रभर जागी होती. “आपलं घर कितीबी बारकं असूंदे पोरी, दाराची कडी आपल्या हातात असती,” असे ती म्हणाली. तिचा अर्थ तेव्हा कळला नाही.

आमचे पाणी दहाबारा दिवसांत उतरले. आम्ही चिखल काढला, भिंती धुतल्या आणि पुन्हा घरात आलो. वळिवड्यातल्या बायकांचे पाणी कधी उतरलेच नाही. आजही जगात किती तरी लोक असेच छावण्यांत दिवस काढीत आहेत. वर्तमानपत्रात त्यांचा आकडा येतो. त्यांना आपण एकाच शब्दाने ओळखतो : निर्वासित. त्या शब्दाच्या मागे कोणी वर्गातली हुशार मुलगी असते, कोणाची कडी हरवलेली असते, हे आपण विसरतो.

मित्रमैत्रिणींनो, मिरज-कोल्हापूर गाडीने जाताना वळिवडे नावाचे लहानसे स्टेशन लागते. आपल्यापैकी कितीतरीजण रोज त्याच्यावरून ये-जा करतात. पुढच्या वेळी तिथे खिडकीतून जरा बाहेर पाहा. दिसण्यासारखे फारसे काही नाही. पण महायुद्धाच्या कारणांचे माझे पाठ केलेले चार मुद्दे अखेर जिथे येऊन थांबले, ती जागा हीच.

बी. ए. भाग २