अंगणातली फटफटी

मराठी घरात दोन प्रकारच्या वस्तू असतात. एक रोज वापरायच्या आणि दुसऱ्या टाकवत नाहीत म्हणून ठेवलेल्या. पाटा-वरवंटा, फिरकीचा तांब्या, आजोबांची काठी, माळ्यावरचा व्हॉल्व्हचा रेडिओ ही मंडळी दुसऱ्या गटातली. आमच्या घरी या गटात एक फटफटी आहे. तिची पंचाईत अशी, की ती पहिल्या गटातही मोडते, कारण ती चालते. मात्र ती चालती ठेवायची तर तिच्यापायी रविवारची सकाळ खर्ची घालावी लागते. गेली पंचवीसेक वर्षं मी ती घालतो आहे. लोक रविवारी मटण आणायला जातात. मी आधी गाडीखाली जातो आणि मग, हात धुऊन, मटण आणायला जातो.

ही फटफटी म्हणजे जावा २५०. वडिलांनी १९७१ साली कोल्हापुरात घेतली. ते बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. गगनबावड्याच्या पावसात आणि राधानगरीच्या चिखलात ते याच गाडीवर फिरले. लालसर तपकिरी रंग, टाकीच्या दोन्ही अंगांना चकचकीत क्रोम, आणि सिलिंडर एक असूनही सायलेन्सर मात्र दोन. जावा हे नाव ऐकून लहानपणी आम्हाला वाटायचं, की ती त्या बेटावरूनच आली असणार. पुढे कळलं, की हे नाव चेकोस्लोव्हाकियातलं. फ्रांटिशेक यानेचेक या उद्योजकाने १९२९ मध्ये जर्मनीच्या वाँडरर कंपनीकडून मोटरसायकलचा कारभार घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून ‘जावा’ केलं. आपल्याकडे १९६१ पासून म्हैसूरच्या ‘आयडियल जावा’ कारखान्यात या गाड्या बनू लागल्या. १९७३ च्या सुमारास तिथल्या गाड्यांवर ‘येझदी’ हे नाव आलं आणि १९९६ मध्ये कारखानाच बंद पडला. २०१८ मध्ये जावा आणि २०२२ मध्ये येझदी ही नावं नव्या गाड्यांवर परत आली खरी. पण जुन्या गाडीचा नट नव्या गाडीला लागत नाही, आणि नव्याचा जुनीला.

घरी गाडी दुरुस्त करणाऱ्याला लोक दोनच गोष्टींपैकी एक समजतात: कंजूष किंवा विक्षिप्त. मेकॅनिकला चार पैसे द्यायला नकोत म्हणून हा हात काळे करतो, असा पहिला समज. खरं तर या छंदात पैसे वाचत नाहीत. पुण्याच्या नाना पेठेत एका रबरी वायसरसाठी गेलेला माणूस तीन दुकानं, दोन चहा आणि पिशवीभर सुटे भाग करून परत येतो. त्यातला एखादाच भाग त्याला हवा असतो. उरलेले ‘पुन्हा मिळायचे नाहीत’ म्हणून घेतलेले असतात. आमच्या घरच्या ट्रंकेत असे पुन्हा न मिळणारे भाग इतके आहेत, की एक आख्खी गाडी उभी राहावी.

मग यात आहे काय? यात आहे एक विचार करण्याची रीत. कोणतंही पेट्रोलचं इंजिन तीनच गोष्टी मागतं: इंधन, ठिणगी आणि दाब. गाडी सुरू होत नसेल तर या तिघांपैकी कोण रुसलंय एवढंच शोधायचं असतं. म्हणून आधी प्लग काढायचा. त्याचं तोंड बिस्किटासारखं तपकिरी असेल तर आतलं सगळं ठीक. काळं आणि ओलं असेल तर पेट्रोल किंवा ऑइल जास्त होतंय. पांढरंफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय आणि इंजिन नको तितकं तापतंय. डॉक्टर जीभ बघतात ना, तसंच हे. प्लग इंजिनाच्या डोक्याला टेकवून किक मारायची, निळी ठिणगी पडली की वीज बरी आहे. मात्र प्लगच्या भोकापासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून ती ठिणगी लांब ठेवायची. उरलं पेट्रोल, म्हणजे कार्बोरेटर. त्यातलं पितळी जेट तारेने कोचायचं नाही, कारण पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं. पेट्रोलमध्ये भिजवून हवा मारायची. घाईत तार घालण्याचा मोह आवरला, की या छंदातली पहिली इयत्ता पास.

दुसरी इयत्ता म्हणजे उघडलेलं परत लावणं. गाडी उघडायला अक्कल लागत नाही, ती मिटवायला लागते. यासाठी आमच्या घरातून एक अप्पेपात्र कायमचं गाडीकडे गेलं. ज्या क्रमाने नट निघतील त्या क्रमाने एकेका खळग्यात ठेवायचे आणि उलट्या क्रमाने उचलायचे. सौभाग्यवतींनी त्या दिवशी नवं अप्पेपात्र आणलं आणि जुन्यावर खिळ्याने ‘गाडी’ असं कोरून ठेवलं, म्हणजे चुकून कोणी त्यात पीठ ओतायला नको. ऑइल मोजायला मुलीच्या लहानपणच्या खोकल्याच्या औषधाचं मापाचं झाकण आहे. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण वेगळं मिळत नाही, ते पेट्रोलमधूनच द्यावं लागतं. आमच्या गाडीला लिटरमागे चाळीस मिली. कमी झालं तर पिस्टन धरतं, जास्त झालं तर धूर होतो आणि सायलेन्सरमध्ये काजळी साठते. मग ती नळी काढा, खरवडा आणि तोंड काळं करून घ्या.

काही कामं घरी होत नाहीत, ती होऊही नयेत. सिलिंडर झिजला की रिबोअर करावा लागतो, आणि त्यासाठी आमच्या कोल्हापुरात उद्यमनगर आहे. ऑइल इंजिनांवर पोसलेल्या या वसाहतीत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा हिशोब बोटावर करणारी माणसं आहेत. नियम असा, की आधी नवा पिस्टन घ्यायचा आणि मग त्याच्या मापाने सिलिंडर कापून घ्यायचा. पिस्टनचा एक साइझ वाढला म्हणजे पाव मिलिमीटर वाढला, फार तर तीन-चार केसांची जाडी. एवढ्यासाठी दोन दिवस जातात. पुढचे पाचशे किलोमीटर गाडी नव्या सुनेसारखी वागवायची. काटा चाळीसच्या वर जाऊ द्यायचा नाही, चढावर ताणायची नाही, मध्ये मध्ये थांबून निवू द्यायची.

हे सगळं मला पुस्तकाने शिकवलं नाही. शिकवलं ते लक्ष्मीपुरीजवळच्या एका बोळातल्या मिस्त्रींनी. वडिलांच्या वेळेपासून गाडी त्यांच्याकडेच जायची. दहा बाय बाराचं दुकान, भिंतीवर मारुती, खाली रॉकेलची परात. इंजिनावर लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवून त्याच्या मुठीला कान लावायचे आणि कुठलं बेअरिंग बोलतंय ते सांगायचे. मी एकदा विचारलं, हे कळतं कसं? म्हणाले, “गाडी सांगत्या की काय दुखतंय ते. तुमी नुसतं गप बसून ऐका.” गप्प बसून ऐकणं ही किती अवघड गोष्ट आहे, हे मला तिथे कळलं.

पॉइंटची फट लावायला ते गेज वापरत नसत. त्यांच्या पेटीत एक जुनी लग्नपत्रिका होती, त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नातली उरलेली. तिचा कोपरा फटीत सरकवायचा. जाताना किंचित अडला की झालं. मी घरी फीलर गेज आणल्यावर ती पत्रिका मोजून पाहिली. बरोबर ०.४ मिलिमीटर, पुस्तकात दिलेलं माप! हे त्यांना सांगितलं तर त्यांना जराही नवल वाटलं नाही. “पुस्तकवाल्यानं बरोबर लिवलंय म्हणायचं,” एवढंच म्हणाले.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला, हात कापू लागले, तेव्हा मी एक वही घातली. दर गुरुवारी संध्याकाळी जायचं आणि ते बोलतील ते लिहून घ्यायचं. क्लचच्या किती प्लेट, कुठला वायसर आधी, कुठला नट उलट्या आट्यांचा, कुठे हातोडी लाकडावरून मारायची. जावाचा क्लच ही त्यातली न्यारीच गोष्ट. गिअर टाकताना पायाच्याच दाबाने तो सुटतो, हाताने दाबावा लागत नाही. आणि किकची दांडी पुढे वळवली की तीच गिअरची दांडी होते. याची जुळणी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून ते बोलायचे आणि मी चित्र काढायचो. २०१६ मध्ये दुकानाला कायमचं कुलूप लागलं. त्या दिवशी त्यांनी पेटी भंगारवाल्याला दिली, पण लग्नपत्रिका माझ्या वहीत ठेवली. त्यांचा मुलगा विजेच्या स्कूटरींच्या दुकानात कामाला आहे. त्याला मी दोष देत नाही. पोट ज्या गावाला जातं, त्या गावाचाच रस्ता माणूस धरतो. पण चाळीस वर्षांचं कानातलं ज्ञान शंभर पानी वहीत मावत नाही, ही टोचणी मला आहे. तीत शब्द आले, चित्रं आली. आवाज आले नाहीत.

आता दुसरी बाजू सांगायलाच हवी. जुन्या गाड्यांवर लिहिणारी माणसं ती बहुधा सांगत नाहीत. टू-स्ट्रोक इंजिन थोडं पेट्रोल न जाळताच बाहेर टाकतं आणि सोबत ऑइलचा धूर. २००० नंतर धुराचे नियम कडक होत गेले आणि अशा मोटरसायकली बाजारातून गेल्या, ते योग्यच झालं. आमच्या शेजारच्या आजींना दमा आहे. त्यामुळे गाडी दारात सुरू होत नाही; ढकलत मैदानापर्यंत नेतो, तिथे किक मारतो. मुलगी दहावीत असताना तिने सरळच विचारलं, “बाबा, शाळेत आम्हाला प्रदूषणावर निबंध लिहायला लावतात आणि तुम्ही घरी हे करता. बरोबर आहे का?” मी सांगितलं, की गाडी पंधरा दिवसांतून एकदाच बाहेर काढायची, ऑइल मापात आणि कमी धुराचं घालायचं, इंजिन नीट लावलेलं ठेवायचं आणि रोजच्या कामाला बस किंवा सायकल. ती म्हणाली, “हे अर्धं उत्तर झालं.” खरंच आहे. उरलेलं अर्धं माझ्याजवळ अजून नाही.

अलीकडे पेट्रोलनेही नवा धडा घातला आहे. २०२५ पर्यंत देशभर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आलं. ते इथेनॉल आमच्याच भागातल्या उसाचं, त्यामुळे तक्रार करायची सोय नाही! पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहिली, की पाणी टाकीच्या तळाशी बसतं, पत्रा गंजतो. जुन्या रबरी नळ्या फुगतात, मऊ पडतात. उपाय साधा आहे. गाडी फार दिवस उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत, नळ्या नव्या प्रकारच्या रबराच्या घालाव्यात. पेट्रोल काढताना देवघरातलं निरांजन आणि स्वयंपाकघरातला गॅस यांच्यापासून लांब, उघड्यावर बसावं. आणखी एक: जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या. छंदापायी फुप्फुसं देऊ नयेत.

जावाचं नाव बाजारात परत आल्यावर जुन्या गाड्यांचे भाव वाढले. पुण्याहून एक संग्राहक आले, अंगणातच पैशांचा आकडा बोलले. मुलीच्या इंजिनीअरिंगच्या एका वर्षाची फी त्यात निघाली असती. रात्री घरात बैठक बसली. सौभाग्यवती म्हणाल्या, “विकायची तर विका. पण मग रविवारी तुम्ही घरातलं काय काय उघडून बसणार, ते आधी सांगा. मिक्सर मी देणार नाही.” मुलगी म्हणाली, “फीचं बघू, मी अर्ज केलाय शिष्यवृत्तीचा. आधी मला पॉइंट लावायला शिकवा.” गाडी राहिली. शिष्यवृत्ती अर्धीच मिळाली; उरलेल्यासाठी कर्ज काढलं, ते फिटतंय.

आता त्या वहीत तिचं अक्षर आहे. मोबाइलवर ती इंजिनाचे आवाज टिपून ठेवते: बेअरिंग चांगलं असताना, खराब असताना, वेळ पुढे असताना, मागे असताना. मिस्त्रींना ते ऐकवले, तेव्हा त्यांनी डोळे मिटून एकेक ओळखला आणि एकाला म्हणाले, “ह्यो आमच्याकडचा न्हाई, बुलेटचा हाय.” खरोखरच तो शेजारच्या बुलेटचा होता. खंडेनवमीला ती पान्यांना हळदकुंकू लावते आणि दुसऱ्या दिवशी त्याच पान्यांनी मैत्रिणीच्या विजेच्या स्कूटरचे ब्रेक बदलते. ब्रेक आणि बेअरिंग तिथेही असतंच, आणि न घाबरता झाकण उघडायला हवंच.

तुमच्या अंगणात फटफटी नसेल. पण शिवणयंत्र असेल, टेबलफॅन असेल, बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ असेल. येत्या रविवारी त्याची वायर काढून एकदा झाकण उघडून पाहा. शेजारी घरातलं एखादं पोर बसवा आणि स्वयंपाकघरातून अप्पेपात्र मागून घ्या. मागूनच घ्या; न विचारता उचललंत, तर दुरुस्तीचं पुढचं काम घरात निघेल.