नोकरी, संत्र्याचा तोडा आणि कॅटचा अभ्यास

आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातली बरीच मुलंमुली पदवी झाली की लगेच कामाला लागतात. कुणी बोरगावच्या कारखान्यात, कुणी दुकानात, कुणी शाळेत. पुढे एमबीएसाठी कॅट द्यावीशी वाटते आणि प्रश्न येतो, "काका, वेळ कुठून काढू?"

मी बँकेत असताना सीएआयआयबीची परीक्षा दिली. रोज रात्री चार तास वाचायचं ठरवलं. ब्रँचमधून येऊन जेवलो की डोळे मिटायचे. पहिल्या खेपेला नापास झालो. खात्यात शिल्लक किती हे न बघताच मी चेक फाडला होता.

म्हणून आधी आठवडाभर वहीत लिहा: काम, जाणं-येणं, शेत, झोप, मोबाईल. उरलेला वेळ हीच तुमची खरी शिल्लक.

आता परीक्षेचं रूप पाहा. कॅट दोन तासांची असते. इंग्रजी वाचन, माहितीचं विश्लेषण व तर्क, आणि गणित असे तीन भाग, प्रत्येकाला ४० मिनिटं. एका भागातला वेळ दुसऱ्याला देता येत नाही. बरोबर उत्तराला ३ गुण, पर्यायी प्रश्न चुकला तर १ गुण वजा. तेव्हा अभ्यासाची बैठकही ४० मिनिटांचीच ठेवा. सकाळी एक, रात्री एक. सहा दिवसांचे ८ तास झाले. रविवारी दोन तासांची सराव परीक्षा आणि दोन तास चुका तपासणं. आठवड्याचे १२ तास. आवर्ती ठेवीसारखं आहे हे: हप्ता लहान, पण चुकवायचा नाही.

जूनपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत साधारण २५ आठवडे मिळतात, म्हणजे ३०० तास. पण आपलं पंचांगही त्यात धरा. कॅट बहुधा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी असते. त्याच सुमारास आंबिया बहाराच्या संत्र्याचा तोडा आणि कापसाची वेचणी चालू असते. त्याआधी पोळा, गणपती, दसरा, दिवाळी. पाच आठवडे यात गेले असं आधीच लिहून टाका. राहिले २४० तास. नवीन धडे दसऱ्यापर्यंत संपवा. पुढे फक्त सराव.

अर्ज साधारण ऑगस्ट ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत भरले जातात, म्हणजे पोळा-गोटमारीच्या आसपास. जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला लागत असेल तर उन्हाळ्यातच काढा. कॅटचा निकाल एकाच प्रवेशवर्षापुरता चालतो, तेव्हा अर्जाची तारीख चुकली की वर्ष गेलं.

एक गोष्ट आपल्या मुलांसाठी खास. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि पेपर इंग्रजीत. गणितात पुढे असलेलं मूल इथे अडतं. इंग्रजी वाचन शेवटच्या महिन्यात वाढत नाही. सकाळच्या बैठकीतली पहिली २० मिनिटं इंग्रजी दैनिकातल्या अग्रलेखाला द्या आणि त्याचा सारांश दोन ओळींत लिहा.

शेवटी पालकांना एक विनंती. मूल दिवसभर कामावर, रविवारी बागेत आणि रात्री पुस्तकाशी असतं. त्या ४० मिनिटांत त्याला गिरणीवर धाडू नका. नोव्हेंबरात तोड्याला एक मजूर जास्त लावावा लागला तर लावा. आपल्याला नागपूरचं आयआयएम जवळच आहे. तिथवर पोचायला मुलांना घरातून एवढी सवड तर मिळायलाच हवी.